आबांनी दिलेले बूट

सायली, ये अशी जवळ. कागदावर बोलतेय म्हणून काय झालं, जवळच बस. आणि आधी थोडी बोलणी खा. रोज कुरुमच्या ऑफिसात जातेस, संध्याकाळी मवालेहला घरी येतेस, तिथून सीबला माझं घर ते कितीसं लांब? पंधरा मिनिटं. आणि सहा महिने झाले, तुझं तोंड नाही दिसलं मला. व्हॉट्सअ‍ॅपवर फुलं पाठवतेस सकाळी. फुलांचं मी काय करू गं?

बरं, ते जाऊ दे. रागावण्याचा अधिकार मला किती, ते तू पुढे वाचशीलच. मराठी तू सावकाश वाचतेस, ठाऊक आहे. अडलीस तर आईला वाचायला सांग. नाही — अडली नाहीस तरी सांग. तिलाही हे कळायला हवं.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ह्यांनाही नाही. माझ्या भावाला अर्धं माहीत आहे, पण त्याला ते अर्धं आहे हेच माहीत नाही. पाच वर्षं मी हे घेऊन हिंडतेय. आज लिहायला बसलेय ती संपवूनच उठणार. मध्ये चहाला उठले तर परत बसणार नाही, मी ओळखते मला.

कॉलेजचे दिवस आठवतात तुला? मला तर रोज. दहावी नापास बाई मी, मुलाची जुनी पुस्तकं घेऊन, पोळ्या लाटता लाटता बारावीपर्यंत आले, आणि एक्कावन्नाव्या वर्षी कॉम्प्युटरच्या डिप्लोमाला नाव घातलं. पहिल्या दिवशी वर्गात शिरले तर सगळ्या पोरी उभ्या राहिल्या — मिसच आल्या असं वाटलं त्यांना! तू एकटी बसून राहिलीस आणि शेजारची बॅग उचलून म्हणालीस, "मावशी, इथे बसा, इथे एसी डायरेक्ट येत नाही." तिथून आपलं जमलं. एकोणीस आणि एक्कावन्न.

कॅन्टीनमधला तो चिप्स आणि चीज घातलेला पराठा — मी नावं ठेवत ठेवत दोन-दोन खायचे. आपल्या वर्गातली शम्सा मला खाला मंदा म्हणायची, खाला म्हणजे त्यांच्यातली मावशी. रस्सीखेच होती तेव्हा तिनंच मला ओढत नेऊन दोरीच्या शेवटी उभं केलं. "खाला, यल्ला, चल, तू नुसती उभी राहा, बाकी आम्ही बघतो!" आणि जिंकलो की आपण! माझ्या वजनाचा जगात कुणाला उपयोग झाला असेल तर तो त्या दिवशी.

आणि तुझं धावणं. चारशे मीटर. चार वाजता ऊन उतरलं की आपण त्या रेताड ग्राउंडवर जायचो. तू पळायचीस, मी स्टॉपवॉच धरायचे. बटण दाबायला मी उशीर करते म्हणून किती चिडायचीस! "मावशी, मी पोचले, तुम्ही नाही पोचलात!" पळायला तुला आबांनी शिकवलेलं. तुझ्या आईचे वडील, चिपळूणचे, शाळेत ड्रिल मास्तर होते. रिटायर झाल्यावरही रोज सकाळी आळीतली पंधरा-वीस पोरं मैदानावर गोळा करायचे. सुट्टीत तूही त्यांत असायचीस. तुझा डावा पाय उजव्यापेक्षा मोठा, हेही आधी त्यांच्याच लक्षात आलेलं. म्हणून दुकानातले खिळ्यांचे बूट तुला कधी बसले नाहीत. डावा चावायचा, नाहीतर उजवा निसटायचा.

त्या वर्षी फेब्रुवारीत इंटरकॉलेज स्पर्धा होती. आणि जानेवारीअखेर मी भाच्याच्या लग्नाला रत्नागिरीला निघाले होते. आबा म्हणाले, पायांचं माप पाठव, इथला एक कारागीर आहे, हाताने शिवून देतो. तू माझ्या घरी, माझ्याच हॉलमध्ये, चार्टपेपरवर उभी राहिलीस. पेन्सिल कुणी फिरवली? मी. गुदगुल्या होतात म्हणून तू उड्या मारत होतीस, आणि त्या कागदावर करंगळीपाशी एक वाकडी रेघ आली.

तो कागद मी नीट पोचवला. तेवढं मी नीट केलं.

आता इथे एक गोष्ट मध्येच सांगते, कारण तिच्याशिवाय पुढचं कळायचं नाही. तुला आठवतं, मी कॅन्टीनमध्ये लेक्चर द्यायचे? आमच्या बिल्डिंगमधल्या एका बाईनं कुणाचं तरी औषधाचं पार्सल गावीच ठेवलं होतं, त्यावरून मी किती बोलले होते. "गल्फमधल्या माणसाला एकच धर्म — दुसऱ्याचं सामान आधी, आपलं मागून." सगळ्या पोरी ऐकत होत्या. तू मान डोलावत होतीस. मला केवढं बरं वाटलं होतं तेव्हा! गावी निघाले की पंचवीस घरांतून फोन यायचे मला — मंदाताई, एवढंसं नेता का? मंदाताईंच्या हातात दिलं म्हणजे पोचलं. तेच माझं नाव होतं गं. दुसरं काय होतं मला?

लग्न झालं. परत निघायच्या आदल्या दिवशी आबा आले. चिपळूणहून एसटीने, एकटे, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. हातात निळी पिशवी. ओटीवर बसले, मी कोकम सरबत दिलं. त्यांनी खोका उघडून दाखवला. लाल कातड्याचे, आतून मऊ. एकेक खिळा बोटाने चाचपून दाखवला. मग खोका बंद करून दोन्ही हातांनी माझ्या हातात दिला. दोन्ही हातांनी, सायली.

दुसऱ्या दिवशी मुंबई विमानतळ. तुला ती पद्धत ठाऊक आहेच — पोचवायला आलेले लगेच जात नाहीत. काचेबाहेर उभे राहतात, वजन जास्त भरलं तर उरलेलं परत घ्यायला. माझा भाऊ उभा होता. तीस किलो चालतात, काट्यावर एकतीस आलं. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, एक किलो काढा. मागे रांग. मी तिथेच फरशीवर बॅग उघडली.

बॅगेत काय होतं? कोकम, पोहे, लग्नातले लाडू, सीबच्या बायकांनी सांगितलेली तिरफळं, आणि बिडाचा तवा. घावनांचा. आईच्या वेळचा. वहिनीकडून मी तो भांडून घेतला होता — अगदी भांडून. आणि ती निळी पिशवी.

तवा काढला असता तरी भागत होतं. गेटशी भाऊही तेच म्हणाला, "अगं, तवा ठेव ना, तो कुठे पळून जातोय?" पण तवा परत गेला असता तर वहिनीच्या हातात गेला असता. मग मला तो पुन्हा मिळाला नसता. हा विचार मी केला. नीट, उभं राहून केला. आणि निळी पिशवी भावाच्या हातात दिली.

झालं. लिहिलं एकदाचं.

तरीही सायली, इथवर ती हावच होती. बायकांची हाव, तव्यासाठी. एवढ्यावर थांबलं असतं तर तू चार दिवस रुसली असतीस, मी दहा वेळा सॉरी म्हटलं असतं. विमानात मी ठरवलंही होतं — जाऊन सरळ सांगायचं.

रविवारी कॉलेजच्या गेटशी तू पळत आलीस. "मावशी, माझे शूज?" मागे शम्सा, आणखी तिघी-चौघी. त्याच सगळ्या, माझं लेक्चर ऐकलेल्या. मी तोंड उघडलं आणि माझ्याच कानांनी ऐकलं — "अगं, आबांनी आणून दिलेच नाहीत."

कुठून आलं ते वाक्य? मी कितीदा विचारलं स्वतःला. कुठून म्हणजे? माझ्याच तोंडातून.

स्पर्धेत तू चौथी आलीस. शेवटच्या वळणावर उजवा पाय बुटात सरकला, मी पाहिलं. त्या दिवशी बटण मी वेळेवर दाबलं. तू घरी जाऊन आबांना फोन केलास, रडलीस, ओरडलीस — "तुम्ही प्रॉमिस केलं होतं!" ते म्हणाले, दिले की गं पोरी, मंदाताईंच्या हातात दिले. तू मला पुन्हा विचारलंस. तुझ्या आईनेही विचारलं. दोन्ही वेळा मी तेच सांगितलं. दुसऱ्यांदा खोटं बोलायला काहीच लागत नाही, हे तुला कधी कळू नये.

मग त्यांचा फोन आला. हे तुला अजिबात माहीत नाही. दुपारची वेळ, मी घरात एकटी. समोर कुणी नव्हतं, कुणाची लाज राखायची नव्हती. म्हणजे गेटवरची सबबही इथे नाही.

"ताई, रागावू नका, एक विचारतो. बूट मी तुमच्याकडे दिले होते ना? निळ्या पिशवीत? तुम्ही सरबत दिलंत, त्याच्यानंतर."

मी म्हटलं, "नाही हो आबा. सरबत घेतलंत, आणि बूट पुढच्या खेपेला देतो म्हणालात."

त्यांनी 'पुढच्या खेपेला' असं एकदा म्हणून पाहिलं. मग म्हणाले, "असं म्हणालो मी? … म्हणालो असेन."

हाच माझा गुन्हा आहे. तवा नाही, बूट नाही. हा.

पुढचं तुला ठाऊक आहे. पण तुला वाटतं ते म्हातारपणाने झालं. मामाने सगळं घर शोधलं. बूट नाहीत म्हटल्यावर आबा ते एसटीत विसरले असं ठरलं. आधी त्यांचा एकट्याचा प्रवास बंद झाला. मग गॅस पेटवायचा नाही. मग सकाळचं मैदान बंद झालं — लोकांची पोरं, कुठे विसरून आले म्हणजे? डॉक्टर, गोळ्या. ते खिशात छोटी वही ठेवायला लागले. 'दार लावलं. दूध घेतलं.' तू एकदा हसत सांगितलंस मला, "मावशी, आबा आता सगळं लिहितात, सो क्यूट." मी काय केलं माहीत आहे? तुझ्या ताटात आणखी एक घावन वाढलं. त्याच तव्यावरचं.

पुढच्या वर्षी भावाने पिशवी परत दिली. "ही कुणाची गं, तुझी राहिलीय." मी ती घेऊन आले. पलंगाखाली आहे. खोक्यात आबांची चिठ्ठी आहे, ड्रिल मास्तरांचं अक्षर, सरळ रांगेत: 'डावा अर्ध्या नंबराने मोठा केला आहे. पहिले दोन दिवस पळू नकोस, नुसती चाल. करंगळीपाशी जागा सोडली आहे.' माझी पेन्सिल जिथे हलली होती ना, तिथे.

ह्या माणसाला आपण विसराळू ठरवलं. आपण नाही — मी.

मागच्या महिन्यात भावाकडे गेले होते. तिथल्या तिथे ठरवलं, खलास, आता पुरे, आणि एसटीने चिपळूण गाठलं. मामा कामावर होता. आबा खिडकीशी बसले होते, मैदानाकडे तोंड करून. उठून मला सरबत दिलं त्यांनी. मी त्यांच्या समोर बसून सगळं सांगितलं. तवा, काटा, गेट, फोन. एक शब्द गाळला नाही.

त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग माझ्या हातावर थोपटलं. "ताई, तुम्ही फार मोठ्या मनाच्या. म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून एवढ्या लांब आलात, स्वतःवर घेताय. पण नको. मीच विसरलो होतो. आता माहीत आहे मला."

मी शपथ घेतली. बूट माझ्याकडे सीबला आहेत, असं मी सांगितलं. ते हसले. मग वही काढून लिहिलं — 'मंदाताई आल्या. सरबत दिलं.' मी म्हटलं, "आबा, ते पण लिहा. बूट दिले होते, असं लिहा."

म्हणाले, "न घडलेलं कसं लिहू, ताई?"

सायली, त्यांना कधी खोटं लिहिता आलं नाही, आणि माझ्यामुळे त्यांना खरंही लिहिता येत नाही. माझ्या शब्दाने ते विसराळू झाले, पण माझ्या शब्दाने बरे होत नाहीत. माझा शब्द आता तेवढ्या कामाचा उरलेला नाही. ते तुझं ऐकतील. बूट घेऊन तू जा त्यांच्याकडे. बूट त्यांनी स्वतः हातात धरले, एकेक खिळा चाचपला, स्वतःची चिठ्ठी वाचली, तर ऐकतील. त्र्याऐंशी वर्षांचे आहेत ते.

मामाला मी आजच फोन करून सांगणार आहे. त्यात तू पडू नकोस. ह्यांनाही जेवताना सांगेन. सीबच्या बायकांना कळेल, कळू दे. आणि माफ कर असं मी म्हणणार नाही. ते तुझ्याकडे मागायचंच नाही मला.

खोका पुसून दाराजवळच्या स्टुलावर ठेवलाय. तुला आत यायचं नसेल तर दारातूनच घे. घावन करणार नाही, बस म्हणून आग्रह करणार नाही, बोलली नाहीस तरी चालेल. पण शुक्रवारच्या सुट्टीची वाट बघू नकोस. ये गं. लवकर ये.