झोपेची हजेरी

आमचे हे सुप्याला एका कारखान्यात पत्रा कापायच्या पॉवर प्रेसवर होते. सहा महिने रात्रपाळी केली, मग दिवसपाळी मिळाली, पण झोप काही त्यांच्याबरोबर पाळी बदलून आली नाही. रात्रभर कूस बदलायची आणि दिवसा मशीनवर डुलक्या. अशाच एका डुलकीत उजव्या हाताच्या बोटाचं नख गेलं. नखावर निभावलं म्हणायचं. सुपरवायझरनं महिनाभर पॅकिंगला बसवलं आणि बजावलं, "झोप सुधारली तर प्रेस, नाहीतर कायमचं इथंच." यांना त्या मशीनचा भारी अभिमान. मला मात्र धडकी भरलेली. संध्याकाळी ताट वाढताना मी आधी त्यांची बोटं बघायची.

मी केडगावात शिक्षिका, गल्लीच्या भाषेत बाई. झोपेच्या गोळ्यांना माझा सक्त विरोध. शाळेत एका जुन्या मासिकात गोळ्यांशिवाय झोप कशी आणावी यावर लेख सापडला, तो उतरवून भिंतीवर चिकटवला. पहिलाच नियम: खाट फक्त झोपायला वापरा. आता आमचं घर दीड खोलीचं. त्या एका खाटेवर पाहुणे बसायचे, भाजी निवडली जायची, माझे पेपर तपासून व्हायचे. सगळा संसार खाली उतरवला. नेमक्या तेव्हाच सासूबाई काष्टीहून आल्या आणि दारातच थबकल्या.

"अगं बाई! खाट रिकामी आन् मानसं भुईवर? काय झालं काय?"

मी नियम वाचून दाखवले. दुपारी आडवं व्हायचं नाही. चारनंतर चहा नाही. पडल्यावर झोप लागली नाही तर उठून खुर्चीत बसायचं, डोळे जड झाले की मगच परत खाटेवर.

"आमच्या काष्टीला झोपाया कागद लागत न्हाई," त्या म्हणाल्या. "आन् ज्याला झोप न्हाई त्यालाच तू खाटंवरनं उठवतीस व्हय?"

हे मात्र गुणी विद्यार्थी. रविवारी चर्चमधून आल्यावर मटण-भात चापून अख्खी गल्ली घोरत असायची, तेव्हा हे दारात बसून डोळे ताणून सायकल पुसायचे. तीच सायकल, दर रविवारी, दोनदोनदा. सुट्टीच्या दिवशीसुद्धा पाचच्या गजराला उठायचे. मला कौतुक वाटायचं, पण तोंडावर कौतुक करायची माझी पद्धत नाही.

लेखात आणखी एक होतं: रात्री झोप कशी झाली याची सकाळी नोंद करा. इथं माझी मास्तरकी उफाळून आली. वहीत रकाने आखले आणि हजेरी सुरू केली. सकाळपर्यंत थांबतंय कोण? हजेरी घ्यायची तर नाव पुकारायला नको? यांचा श्वास जरा संथ झाला की मी हळूच विचारायची, "अहो, झोपलात का?"

"गैरहजर, बाई," अंधारातून उत्तर यायचं.

अर्ध्या तासानं पुन्हा तेच. तीन आठवडे मी रोज "गै" लिहीत होते आणि त्या लेखकाच्या नावानं बोटं मोडत होते.

मग मी सासूबाईंना पोचवायला काष्टीला गेले, दोन रात्री राहिले. परतल्यावर पिशवी ठेवायच्या आधी वही उघडली. दोन्ही दिवसांपुढे "ह". पट्टी बांधलेल्या बोटानं काढलेलं, वाकडंतिकडं.

"कॉपी केलीत ना?" मी कडाडले.

"नाही हो बाई. पडलो आणि लागली झोप. कुणी विचारलंच नाही."

अस्सा राग आला! वही आपटली, तर तिचं शेवटचं पान उघडलं. तिथंही रकाने होते, तेच वाकडं अक्षर. वर लिहिलं होतं, "बाई". खाली तीन आठवड्यांच्या प्रत्येक दिवसापुढे "गै". शेवटचे दोन दिवस "रजेवर".

या माणसाच्या बोटांच्या धास्तीनं तीन आठवडे माझाही डोळा लागला नव्हता, आणि हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. यांच्या मात्र आलं होतं. ते रोज लिहून ठेवत होते. मला रडूच फुटलं.

"मग बोलला का नाहीत?"

"बाईंना कोण बोलणार? वर्गाबाहेर उभं केलं असतंत."

त्या रात्री वही माळ्यावर टाकली. मी भिंतीकडे तोंड करून पडले. प्रश्न ओठांवर आला होता, तो गिळला. त्यानंतर एकदम कंपनीच्या बसचा हॉर्नच ऐकू आला. गजर केव्हाच वाजून गेला होता. हे शर्टाची बटणं लावत धावले आणि मी शाळेत पहिल्यांदा उशिरा पोचले.

महिना भरला आणि हे प्रेसवर परत गेले. त्या संध्याकाळी ताट वाढताना मी सवयीनं त्यांच्या बोटांकडे बघितलं. त्यांनी दोन्ही पंजे माझ्यापुढे पसरले, माझ्या डोळ्यांकडे निरखून बघितलं आणि म्हणाले, "हजर."