सुईवर राहिलेलं कार्ड

साहेबांनी कार्डांच्या जुडीत लांब सुई घातली, जुडी उचलली आणि हलवली. कार्डं पडली. काही टेबलावर, काही जमिनीवर. पुण्याहून आलेले पाहुणे बघायला पुढे झुकले.

"पडली ती संशयित," साहेब म्हणाले. "आडनाव नाही, नाव अर्धवट, नाहीतर एकच माणूस दोनदा. सगळा डोंगर असाच. आता सुईवर काय राहिलं बघा."

सुईवर एकच कार्ड होतं. आमचं.

"अख्ख्या वाडीत एक कार्ड धड. आणि ते कुणाचं? आमच्या या मिसच्या घरचं. हो, ही तिथलीच. वाटत नाही ना?"

पाहुण्यांमध्ये एक बाई होत्या. "अगं बाई, खरंच वाटत नाही," त्या म्हणाल्या. माझ्याशी नाही. साहेबांशी.

"इंग्रजी ऐका हिचं. बोलून दाखव गं काहीतरी. शाळेतली एखादी कविता."

मी बोलले. हात पाठीमागे घेऊन, शाळेत उभी राहायचे तशी. पाठ होती ती पहिली कविता म्हटली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. एकाने विचारलं, "घरी कोंबड्यांशी पण इंग्रजीतच का?" सगळे हसले. मीही हसले.

हसता हसता साहेब मागे सरकले आणि त्यांचा बूट जमिनीवरच्या एका कार्डावर पडला. नाव दिसत होतं. लखमा कोंडू. माझा चुलतभाऊ. पाय उचला, एवढं म्हणायला काय लागतं? माझ्या तोंडून निघालं नाही.

लोणावळ्यात एका भाड्याच्या बंगल्यात आमचं ऑफिस होतं. मावळात एक धरण होणार होतं. कोणती घरं, कोणती शेतं पाण्याखाली जाणार आणि त्यांना बदली जमीन कुठे मिळणार, याचा हिशोब तिथे ठेवत. प्रत्येक घराचं एक कार्ड. कार्डाच्या काठाने भोकं. एक भोक गावाचं, एक जमिनीचं, एक घरचा कर्ता मयत असल्याचं, एक नाव संशयित असल्याचं, असं. गोष्ट लागू असेल तर चिमट्याने भोकापासून काठापर्यंत खाच पाडायची. मग त्या भोकातून सुई घालून जुडी उचलली की खाचेची कार्डं निसटून खाली पडतात, बाकीची सुईवर राहतात. साहेब म्हणायचे, "पुण्यात कॉम्प्युटर हेच करतो. ही आपली गरिबांची मशीन."

मला पडताळणीसाठी घेतलं होतं. माझं इंग्रजी चांगलं, अक्षर चांगलं, आणि मी बोलत नसे. हे तिसरं साहेबांना फार आवडायचं.

आमचं कार्ड धड कसं, तेही सांगायला हवं. माझे वडील धोंडू, म्हणजे आबा, वलवणच्या एका बंगल्यात माळी आहेत. मालकीणबाईंनी मला इंग्रजी शाळेत घातलं. शाळेच्या बाईंना आडनाव हवं होतं. आबांनी वाडीच्या नावाला 'कर' जोडून दिलं. तेच आडनाव सरकारी कागदांवर गेलं. वाडीत बाकी कुणाला आडनाव नाही. कधी लागलंच नव्हतं.

आणि आमच्यात आज्जाचं नाव थोरल्या नातवाला देतात. आमचा आज्जा लखमा, त्याच्या बापाचं नाव कोंडू. आज्जाचा थोरला मुलगा पुन्हा कोंडू, त्याचा मुलगा पुन्हा लखमा. म्हणजे आज्जाही लखमा कोंडू आणि नातूही लखमा कोंडू. पहिल्या पाहणीच्या वेळी आज्जा जिवंत होता. दुसऱ्या पाहणीला आज्जा नव्हता, कोंडूकाकाही नव्हते, घरचा कर्ता नातू होता. ऑफिसात दोन कार्डं झाली, एकाच नावाची, एकाच वाडीची. नियम असा की नाव, बाप आणि वाडी जुळली की माणूस एकच. दोन्ही कार्डं मिळून एक झालं. आज्जा मयत, म्हणून ते कार्ड मयत. बंद.

लखमा एकटा नव्हता. वाडीवाडीत हेच होतं.

शेत तर एकच आहे. आज्जाचं, त्यात कोंडूकाका आणि आबा या दोन मुलांचे वाटे. आबांनी कित्येक वर्षांत त्या चिखलात पाय घातलेला नाही. भात लावतो लखमा. तो मयत ठरला आणि आम्ही धड ठरलो.

मग एक दिवस काकी आणि लखमा ऑफिसच्या खिडकीशी आले. कामशेतपर्यंत चालत, तिथून गाडीने. खिडकीवर नाना बसायचे, आमचे हेडक्लार्क.

"लखमा कोंडू मयत," नाना म्हणाले.

"मयत त्यो ह्याचा आज्जा," काकी म्हणाली. "ह्यो माझा ल्योक. जित्ता हाय. हात लावून बगा की."

"मेलो असतो तर तिकीट काढून आलो असतो का, भाऊ?" लखमा म्हणाला. "फुकाट नसतो का आलो?"

रांगेतले लोक हसले. नानांना राग आला.

"तुमच्यात नावांचा दुष्काळ आहे का रे? आज्जाचंच नाव नातवाला!"

"त्यो गेला म्हून त्याचं नाव बी जाऊ द्यायचं व्हय?" काकी म्हणाली. तेवढ्यात तिला आतलं माझं टेबल दिसलं. "आगं ही बग, आपली धोंडूभावजींची पोर! बाय, तू तरी सांग ह्या बाबाला."

मी उठून गेले. नानांना म्हणाले, हे खरं आहे, तो आज्जा, हा नातू. हळू आवाजात म्हणाले, मागच्यांना ऐकू जाऊ नये अशा.

"मॅडम, तुम्हाला माहीत असेल," नाना म्हणाले. "कार्डाला माहीत नाही."

काकीने मला विचारलं, "तुमचं लागलं का गं नाव?"

"लागलं."

"मंग बरं झालं. एकाचं तरी लागलं."

तिने टोमणा मारला नव्हता. मारला असता तर मला सोपं गेलं असतं. तिने खरंच मनापासून म्हटलं. फडक्यात बांधून आणलेली उकडलेली रताळी गजांतून माझ्या हातात दिली आणि दोघं गेली. रताळी मी ड्रॉवरमध्ये ठेवली, कुणाला दिसू नयेत म्हणून. संध्याकाळपर्यंत ड्रॉवर उघडला नाही.

त्यानंतर मी जेवणाच्या सुट्टीत कोरी कार्डं घेऊन बसू लागले. काय चुकतंय ते मला दिसत होतं. एकाच कार्डावर माणूस, घर, शेत, सगळं कोंबलेलं, आणि ओळख म्हणून फक्त नाव. मी ते सोडवलं. माणसाचं कार्ड वेगळं, घराचं वेगळं, शेताचं वेगळं. प्रत्येक कार्डाला त्याचा एकट्याचा नंबर. मुलाच्या कार्डावर बापाचं नाव नाही, बापाच्या कार्डाचा नंबर. शेताच्या कार्डावर कसणाऱ्याचा नंबर. नाव एकदाच, ज्याचं त्याच्या कार्डावर. मग आज्जा मेला तर खाच आज्जाच्याच कार्डाला पडते. नातवाला धक्का लागत नाही. एकाच नावाची दहा माणसं असली तरी दहाच राहतात.

आमची वाडी पूर्ण करून मी साहेबांसमोर ठेवली. त्यांनी कार्डं नीट पाहिली. त्यांना कळलं. ते मूर्ख नव्हते.

"हुशार आहेस," ते म्हणाले. "पुढच्या धरणाला असंच करू."

मी विचारलं, या धरणाचं काय? इंग्रजीत विचारलं. मी त्यांच्याशी नेहमी इंग्रजीतच बोलायचे. त्याच्या आड बरं वाटायचं.

"बदली जमीन मिळणाऱ्यांची ही यादी या आठवड्यात पुण्याला जायची. पडताळणीची सही कर तू. आणि तुमचं तर झालंय ना? मग?"

मी माझी कार्डं टेबलावरून उचलली नाहीत.

"अगं, त्यांना सवय असते डोंगराची. पाणी आलं की वर सरकतील. तू आता त्यांच्यातली राहिली आहेस का?"

त्यांनी पेन पुढे केलं. यादीत वरच आबांचं नाव होतं, आडनावासकट.

"मी सही करणार न्हाई."

"काय?"

"न्हाई करणार."

साहेब हसले. "बघा! इतकं शिकवलं, शेवटी आलंच बाहेर." मग हसू गेलं. "दुसरं कुणी करेल सही. पण वेळ जाईल, प्रश्न निघतील. आणि यादी अडकली तर तुझ्या बापाचंही अडकेल, लक्षात ठेव."

ते मला आधीच माहीत होतं.

आबा बंगल्याच्या हिरवळीवर बसून गवत कातरत होते. मी सांगितलं. कात्री थांबली.

"आपलं बी अडिवलंस?"

"व्हय."

"जलमभर दुसऱ्याचं गवात कापलं मी, बाय. एक तुकडा पायजे होता. माज्या नावाचा."

"आबा, शेत लखमा करतो."

"मला ठावं न्हाई व्हय? त्यालाच दिला असता कसायला. मी का खानार होतो त्याचं?"

"त्याचंच त्याला, आपलं म्हणून दिलं असतं, आबा."

ते पुन्हा गवत कापू लागले. त्यानंतर माझ्याशी बोललेले नाहीत. ताट वाढते, ते जेवतात. त्यांचा हक्क मी त्यांना न विचारता अडवला. हे मला टोचतं आणि टोचणार. लखमाचं टोचत होतं त्यापेक्षा कमी नाही. फक्त इतकंच की हे ओझं मी स्वतः उचललं. आधीचं मला बक्षीस म्हणून दिलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला गेले, पण आत गेले नाही. बाहेर रांगेत उभी राहिले. पुढे कुसगावचा एक म्हातारा होता, मागे दोन बायका. मी कोण, इथे का, असं त्या एकमेकींत कुजबुजत होत्या. मला विचारत नव्हत्या.

"मॅडम, बाहेर काय उभ्या? आत या," नाना म्हणाले.

"माझी पाळी येऊ दे, नाना."

पाळी आली तेव्हा मी हरकतीचा अर्ज आत सरकवला. वाडीतल्या मयत धरलेल्या प्रत्येक घराची हकीकत त्यात वेगळी लिहिली होती. आज्जा कोण, बाप कोण, नातू कोण, शेत कोण कसतं. नानांनी शेवटचं पान वाचलं आणि मान वर केली.

"यात तुमचं घर कशाला?"

"आम्ही शेत कसत नाही. आमचीही चौकशी करा."

"साहेब तुम्हाला कामावर ठेवायचे नाहीत."

"नाही तर नाही. पोच द्या."

"अशी पोच देता येत नाही."

त्यांनी अर्ज बाहेर सरकवला. मी तो पुन्हा आत सरकवला. मागच्या बायकांचं कुजबुजणं थांबलं होतं.

लखमा कोंडू जिवंत आहे, असं या खिडकीतून लिहून मिळेपर्यंत मी रोज इथे येणार आहे. नोकरी नसली तरी. आबा बोलले नाहीत तरी. बाहेरच्या बाजूने.