गोलातला करडा तुकडा

शिलाई मशीनच्या त्या दुकानात तिला सगळे आकडेताई म्हणत. खरं नाव पगाराच्या दिवसापुरतं. दुकानाच्या वेबसाइटवर किती माणसं आली, कुठल्या पानावर रेंगाळली, कुठून पाठ फिरवून गेली, याचा दर महिन्याला अहवाल करायचा, हे तिचं काम. माळ्यावरच्या बुटक्या खोलीत, मशीनच्या खोक्यांच्या आडोशाला तिचं टेबल होतं. उंच माणसाला तिथं कमरेत वाकूनच शिरावं लागे, आणि मालक चांगले ताडमाड. ते वर येत नसत. अहवाल घेऊन तीच खाली उतरायची.

महिनाअखेरीला दुकान उघडण्याआधी सगळे गल्ल्यापाशी जमत. ती भिंतीवरच्या पडद्यावर रंगीत गोल दाखवायची. नवी मशीनं निळी, सुटे भाग हिरवे, भरतकामाचं मशीन गुलाबी. शिवाय एक करडा तुकडा, ‘इतर’. नीट पाहिलं तर सगळ्यांत मोठा तोच होता. पण निळा-गुलाबी सोडून करड्याकडे कोण बघतंय?

एकदा तेलकाकांनी बघितलं. तेलकाका म्हणजे दुकानाचे दुरुस्तीवाले. मागच्या दाराशी त्यांचं बाक, बोटांच्या रेघारेघांत मुरलेलं तेल, आणि जीभ अशी फटकळ की भलताच दोरा वापरणारं गिऱ्हाईक मशीनआधी स्वतःच सरळ व्हायचं.

“ताई, तुमच्या या चकतीत आम्ही कुठं?”

“हे काय काका, इथं. इतरमध्ये.”

“बरं झालं. उंबऱ्याच्या आत तरी ठेवलंत.”

सगळे हसले. तीही हसली. मालक मात्र हसले नाहीत, त्यांनी तो करडा तुकडा मनात धरला. पुढच्या अहवालाआधी म्हणाले, “दुरुस्तीचं पान तुमच्या यादीत कधी दिसतच नाही. त्याचं काय ते एका ओळीत लिहा.” तिनं लिहिलं, ‘दुरुस्ती : मागणी नगण्य’. ‘नगण्य’ हा शब्द तिला फार आवडला होता. कसा ऐटबाज, अहवालात शोभून दिसणारा.

मालकांनी ती ओळ मोठ्यानं वाचली आणि म्हणाले, “हंगाम संपला की ते बाक काढू. तिथं नवी मशीनं मांडू.” तेलकाका हातातल्या चिंधीनं आधीच पुसलेला स्क्रूड्रायव्हर पुन्हा पुसत राहिले.

तिची पद्धत सोपी होती. संगणकाच्या पडद्यावर सगळ्यांत जास्त बघितलेली पहिली दहा पानं दिसत. तेवढीच उतरवून घ्यायची, एकूण बेरजेतून वजा करायची आणि उरलेलं सगळं इतरमध्ये ढकलायचं. पूर्ण यादी उतरवायला दोन बटणं जास्त दाबावी लागत. ती तिनं कधी दाबली नव्हती.

सुट्टीच्या दुपारी थोरल्या जावेनं तिच्यापुढं फोन धरला. “हा तुमच्याच दुकानाचा मेसेज ना गं? मशीनची तपासणी करून घ्या म्हणे. पण लिंकच्या पत्त्याला शेपूट बघ केवढं! बोट ठेवलं आणि बँकेतलं सगळं गेलं म्हणजे?”

“नाही हो वहिनी, आमचाच आहे. त्यावरून दुरुस्तीचं पान उघडतं. शेपटातला नंबर तुमचा. प्रत्येक गिऱ्हाइकाचं शेपूट वेगळं असतं...” एवढं बोलून ती थांबलीच.

“काय गं? तोंड का उतरलं?”

“काही नाही.”

प्रत्येकाचं शेपूट वेगळं, म्हणजे मोजणाऱ्या यंत्राच्या लेखी प्रत्येकाचं पानही वेगळं. दुरुस्तीचं एकच पान, पण त्याचा पार चुरा झालेला. एकेक कण एवढासा, की पहिल्या दहांत यायचा प्रश्नच नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं पूर्ण यादी उतरवली. खाली सरकवावं तसतसं दुरुस्ती, दुरुस्ती, पुन्हा दुरुस्ती. शेपटं छाटून बेरीज केली, तर दुरुस्ती निळ्याच्याही वर गेली. मागचे महिने काढले, तेच. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, तरी तिनं संगणकाचा पडदा बंद केला.

खाली जाऊन सांगायचं, एवढंच करायचं होतं. पण ‘नगण्य’ हा शब्द कागदावर, आणि त्याखाली तिची सही. तिनं पळवाट काढली. या महिन्याची शेपटं छाटली, मागचे महिने होते तसेच ठेवले, आणि लिहिलं, ‘दुरुस्तीच्या मागणीत अचानक मोठी वाढ’. दोन वेगळ्या मापांनी मोजायचं आणि आकडे शेजारी मांडायचे, हे तिच्या धंद्यातलं पाप. ते न कळण्याइतकी ती नवखी नव्हती.

“शाब्बास आकडेताई! बरं झालं वेळेत दाखवलंत,” मालक म्हणाले. “बाक राहू दे. दोन-तीन महिने बघू, वाढ टिकते का.”

त्याच दिवशी तेलकाका पहिल्यांदाच माळ्यावर आले. वाकून, खोक्याला धरून.

“ताई, या महिन्यात माझ्या हातून असं काय वेगळं झालं हो? म्हणजे तेवढं धरून ठेवतो.”

“काही नाही काका. चालू द्या आहे तसंच.”

“छे, कायतरी असणारच.” त्यांनी मान खाजवली. “मधे घसा बसला होता बघा माझा. कुणावर ओरडता येत नव्हतं. तेच असणार!”

काका समाधानानं उतरून गेले.

दुसऱ्या दिवसापासून तेलकाका गोड झाले. इस्त्रीचा शर्ट घातला. “या बाईसाहेब, बसा” सुरू झालं. त्यांच्या अंगावर ते गोड बोलणं उसन्या कोटासारखं दिसायचं. नेहमीचे शिंपीमास्तर जाड सुई लावून तलम कापड शिवत होते. एरवी काकांनी त्यांची सालटीच काढली असती. आता म्हणाले, “असू द्या मास्तर, चालायचंच.” मास्तर खुशीत गेले आणि आठवडाभरात कुणाचातरी समारंभाचा पोशाख फाडून मशीनसकट परत आले. काका त्यांच्यासमोर ओशाळवाणं हसत उभे होते. आकडेताईनं ते जिन्यातून पाहिलं आणि आल्या पावली वर गेली. नंतर दिवसभर ती पाणी प्यायलाही खाली उतरली नाही.

महिनाअखेरीला तिनं गोल दाखवलाच नाही.

“गेल्या महिन्यात काही वाढलं नव्हतं,” ती म्हणाली. “दुरुस्तीला माणसं पहिल्यापासून तेवढीच येत होती. मी मोजत नव्हते. कळल्यावरही मी ते वाढ म्हणून खपवलं.”

“मग ते नगण्य?” मालकांनी विचारलं.

“तो माझा आळस होता.”

“तुमच्या कागदावर मी एका माणसाचं बाक काढायला निघालो होतो, ताई.”

“हो.” तिची मान वर होईना. “मागचे सगळे अहवाल एकाच मापानं पुन्हा करून देते.”

तेलकाका पुढं आले. “म्हणजे मी ओरडत होतो, तेव्हाही लोक येत होते?”

“येत होते, काका.”

“आणि मी महिनाभर त्या मास्तरचे लाड करतोय!”

दुकानातली पोरं फिदीफिदी हसली. काका हसले नाहीत. तिच्याकडे न बघता बाकाशी गेले, फोन लावला, आणि सगळ्या दुकानाला ऐकू आलं, “मास्तर, सुई लावलीय का खिळा ठोकलाय? काढा आधी ती!”

पुढं बरेच दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत. ती समोर आली की चिंधी शोधायचे.

आता ती पूर्ण यादी उतरवते. मूळ प्रतीला हात लावत नाही, काटछाट करायची ती नकलेत. दुकानातल्यांनीच वेबसाइटला दिलेल्या भेटी वगळते. कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत मोजलं, शेपटं कशी छाटली, हे अहवालाच्या तळाशी साध्या शब्दांत लिहिते. करडा तुकडा आता नखाएवढाच उरलाय. तरी महिनाअखेरीला गोल पडद्यावर आला, की मागून तेलकाकांचा आवाज येतोच.

“ताई, आज इतरात कोण कोण?”

सगळे तिच्याकडे वळून बघतात. तिचे कान तापतात. ती कागद वर धरते आणि एकेका पानाचं नाव वाचू लागते.