तांबीनं तोंडातला घड सोडला

आज सकाळी तांबीला घेऊन मंद्रूपजवळ सीना नदीच्या काठानं आठ किलोमीटर चाललो. तांबी म्हणजे शुक्रवार पेठेत आमच्या गल्लीत सापडलेली माझी कुत्री.

काठावर वाइनच्या काळ्या द्राक्षांच्या बागा आहेत. द्राक्षांनी कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते, असं तिच्या डॉक्टरांनी मला बजावलं होतं. म्हणून मी पट्टा अगदी जवळ धरला होता.

एका बागेत तोडणी करणाऱ्या एका मावशींनी पाणी प्यायला बोलावलं. मी पाणी पितोय तोवर त्यांनी मायेनं तांबीपुढे घड टाकला आणि तिनं तो उचलला.

"मावशी, तिला द्राक्षं चालत नाहीत."

"आमच्या बागेत रोज कोल्ही खात्यात की. त्यास्नी काय होत न्हाय."

मी ओरडलो असतो तर तिनं घाबरून गिळला असता. मी खाली बसलो आणि हळूच म्हणालो, "तांबी, सोड." भाकरीच्या तुकड्यावर दोन महिने आम्ही एवढंच शिकत होतो.

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि अख्खा घड माझ्या बुटावर ठेवला. मी सगळे देठ तपासले. एकही मणी तुटला नव्हता.

"लई शहाणी हाय की," म्हणत मावशींनी डब्यातली भाकरी पुढे केली. तांबी नुसती माझ्याकडे बघत बसली.

"आता हे बी चालत न्हाय व्हय?"

"चालतं. घे, तांबी."

मोठ्या माणसांनी काही दिलं की मला नाही म्हणता येत नाही. आज म्हणालो. तिचा फार अभिमान वाटतोय, थोडा माझाही. तुम्ही अशा मायेच्या माणसांना नाही कसं म्हणता?