निळ्या दोऱ्याचं रफू

मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरात आक्कांनी सव्वीस वर्षं इस्त्री केली, आणि सव्वीस वर्षं त्या एकाच करड्या गणवेशात वावरल्या. लोक ओळखायचे ते गणवेशाला. रस्त्यात साध्या कपड्यांत भेटल्या, तर रोज चादरी न्यायला येणारी नर्ससुद्धा सरळ पुढे निघून जायची. आक्कांना याचं वाईट वाटायचं. बोलून दाखवत नव्हत्या, एवढंच.

आता त्या निवृत्त होणार होत्या. शेवटच्या शुक्रवारी सभागृहात सगळ्यांसमोर बोलावून त्यांना भिंतीवरचं घड्याळ देणार होते. त्या पाच मिनिटांत लोकांनी आपल्याकडे बघावं आणि बघत राहावं, एवढा एकच हट्ट त्यांनी मनाशी धरला. या वयात कसला हट्ट, असं म्हणणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार.

नव्या कपड्यांच्या दुकानात आक्कांचा जीव रमत नसे. कोरं कापड त्यांना मुकं वाटायचं. म्हणून दर शनिवारी दुपारी त्या धर्मादाय दुकानात जात. लोकांनी देऊन टाकलेले कपडे तिथे रांगेने टांगलेले असत. खिडकीतल्या उन्हात कापडाची धूळ संथ तरंगायची, आणि बाह्यांना हात लावत फिरताना आक्कांना अनोळखी बायकांच्या घोळक्यातून चालल्यासारखं वाटायचं. ही टेबलावर कोपर टेकून बसणारी. हिचा खिसा सदा जड.

तिथेच त्यांना गडद हिरवा स्कर्ट सापडला. खालच्या दुमडीजवळ रफू होतं, तेही चक्क निळ्या दोऱ्याने! रफू दिसता कामा नये, हा आक्कांचा पहिला नियम. ‘कोण ही गबाळी!’ त्या मनात म्हणाल्या. पण टाके पाहिले तर बारीक, एकसारखे, आणि शेवटी तीन आडवे. म्हणजे हिला सगळं येत होतं. हिला लपवायचंच नव्हतं. आक्कांनी स्कर्ट घेतला. महिन्याभराने सायीच्या रंगाचा रेशमी शर्ट हाती लागला. कॉलरखाली निळा दोरा, शेवटी तीन आडवे टाके.

मग चादरींवर इस्त्री फिरवताना वाफेत ती बाई दिसायला लागली. उंच, कसलीच घाई नसलेली, खिडकीशी बसून हिरव्यातून निळा दोरा ओढणारी. आक्का तिच्याशी मनातल्या मनात बोलायच्या. एकदा तर त्या तंद्रीत एकाच चादरीला चारदा इस्त्री झाली.

घरी भावजयीला सुगावा लागलाच. “आक्का, गुडघ्याला बाशिंग बांधलंय की काय?”

“बांधलंय. नवरा तेवढा तू शोध.”

राहिला होता फक्त कोट. शेवटच्या शनिवारी आक्का तो स्कर्ट आणि शर्ट अंगावर घालूनच दुकानात गेल्या. दुकानातल्या बाईंनी सहा कोट काढून दिले. एकही जुळेना.

इतक्यात एक म्हातारे गृहस्थ आत आले. त्यांच्या हातावर एकच कोट होता, वाळूच्या रंगाचा. बाहीच्या टोकाला निळा दोरा. आक्कांनी शेवटचे आडवे टाके मोजले. तीन. त्यांनी वर पाहिलं, तर गृहस्थ त्यांच्या स्कर्टकडे बघत होते, मग शर्टकडे. ती बाई आता नाही, हे आक्कांना कुणी सांगायची गरज पडली नाही.

“मी बदलून येते,” त्या कशाबशा म्हणाल्या. “दोन्ही घरी घेऊन जा.” आपला शुक्रवार गेला, हे त्यांना बोलता बोलताच कळलं.

“घरी नेऊन काय करू? मला थोडेच बसणार आहेत?” गृहस्थ जरा चिडूनच म्हणाले. मग आवाज उतरला. “या कोटापायी दोन शनिवार दारापर्यंत येऊन परत गेलोय. घ्या. घालून बघा.”

आक्कांनी घातला. तो खांद्यांवर असा बसला की दुकानातल्या बाई “अगंबाई!” म्हणाल्या. आक्का खालून बटणं लावत वर आल्या.

“वरचं लावू नका,” गृहस्थ एकदम म्हणाले. “ती कधीच लावायची नाही. म्हणायची, गळ्याला वारा लागू दे.”

आक्कांनी बटण सोडलं. गृहस्थ बराच वेळ बघत राहिले, आणि आक्काही त्यांना बघू देत उभ्या राहिल्या.

शुक्रवारी त्या मंचाकडे निघाल्या, तेव्हा चादरी न्यायला येणाऱ्या त्याच नर्सने शेजारणीला विचारलं, “या कोण गं पाहुण्या?” आक्कांनी ते ऐकलं. ओळखलं नाही म्हणून त्यांना पहिल्यांदाच हसू आलं. त्यांचं नाव पुकारलं गेलं आणि सभागृह गप्प झालं. सगळे बघत होते.

घड्याळ देताना अधीक्षकबाई हळूच पुढे झुकल्या. “आक्का, वरचं बटण राहिलंय.”

“राहू दे,” आक्का म्हणाल्या. “आमच्यात लावत नाहीत ते.”