माळावरची धावपट्टी

वडूजकडच्या एका माळावर महायुद्धात विमानांसाठी धावपट्टी बांधली होती. जेमतेम दोन वर्षं वापरून लष्कर निघून गेलं. मी तिचा इतिहास लिहितोय आणि हा म्हातारा ती रोज पहारीनं फोडतोय. सकाळी तासभर घाव घालायचे, मग पहारीला टेकून बिडी ओढायची. बोलतानाही नजर जमिनीवरच.

"अहो, एवढा शेवटचा तुकडा तरी राहू द्या," मी दर रविवारी सांगतो.

"व्हय, व्हय," म्हणतो; पुढच्या रविवारी तुकडा हातभर कमी झालेला असतो.

परवा मी वैतागून ओरडलोच, "अहो, हे पुन्हा कुणाला बघायला मिळणार आहे का?"

"गुरुजी, उभी बाजरी मोडून बापाच्या रानात ही घातली," तो शांतपणे म्हणाला. "रान माघारी दिलं, पर शिमिट तसंच ठिवलं. हितं पेरायचं म्हणत म्हणतच बाप गेला."

मग सिमेंटचा एक धोंडा उचलून त्यानं माझ्या हातात दिला. "घ्या तुमचा इतिहास."

खाटेएवढ्या मोकळ्या मातीत तो मुठीनं बाजरी टाकू लागला. धोंडा भलताच जड होता. मी तो खाली ठेवायला वाकलो, तसा तो खेकसला, "तितं नगं! पेरलंय."