तीन पाव जाड, एक पाव पातळ

इंजिन ऑइलची नाडी कळणारा माणूस वाशीम जिल्ह्यात एकच आहे आणि तो माझ्या नणंदेचा नवरा आहे. हे मत त्यांचं स्वतःचं. मोटरसायकलसोबत मिळणाऱ्या पुस्तकात कोणतं ऑइल घालायचं ते स्वच्छ छापलेलं असतं. पण भाऊजींच्या मते ते पुस्तक अनसिंगचं ऊन न पाहिलेल्या माणसांनी लिहिलंय. म्हणून उन्हाळ्यात तीन पाव जाड आणि एक पाव पातळ, हिवाळ्यात त्याच्या उलट, असं मिश्रण ते घरीच करतात. मापाला खोकल्याच्या औषधाचं टोपण आणि ढवळायला नणंदेचं वरणाचं पातेलं. मग थेंब दोन बोटांत चोळायचा, उजेडाला धरायचा, वास घ्यायचा आणि डोळे मिटून म्हणायचं, "अजून कच्चं हाये." ऑइल पिकतं कसं, हे मी पंचवीस वर्षांत विचारलेलं नाही. उत्तर लांबेल म्हणून.

त्यांच्या मुलीला, म्हणजे माझ्या भाचीला पाहायला इंझोरीचा मुलगा आला होता. सगळे पोह्यांत गुंतलेले असताना भाऊजी अंगणात जाऊन पाहुण्यांच्या गाडीची ऑइल मोजायची पट्टी काढून बसले. आत आले आणि सर्वांसमोर म्हणाले, "हे पोरगं नको. ऑइल डांबरावानी झालं. जो इंजिनले पाहत नाही, तो पोरीले काय पाहीन?" मुलाच्या वडिलांनी शांतपणे सांगितलं, की गाडी मुलाची नाही, माझी आहे. लग्न झालं. जावई चांगला निघाला. व्याह्यांशी मात्र भाऊजी अजून जपूनच बोलतात.

या वर्षी त्यांच्या मुलानं निर्वाणीचं सांगितलं, "बाबा, आता एकदा जरी ही गाडी रस्त्यात अडली, तर विकून टाकतो. आईसाठी बॅटरीवाली स्कूटर आनतो." भाऊजी हादरले. एकोणीस वर्षांची गाडी वाचवायची, म्हणून त्यांनी आयुष्यातलं सर्वांत भारी मिश्रण केलं: चक्क चारचाकीचं ऑइल घातलं. मोठ्या गाडीचं ते जास्त ताकदीचं, एवढा साधा विचार. मग नणंदेला मागे बसवून शिरपूर जैनला निघाले. चढावर इंजिन गरजू लागलं आणि गाडी काही पुढे सरकेना.

"वहिनी, गाडी नुसती बोंबलून राह्यली होती, चालून नव्हती राह्यली!" नणंदेनं मला फोनवर सांगितलं. "सायकलवाला पुढे गेला आमच्या. वरून मलेच म्हनतात, तुहं वजन वाढलं!"

ढकलत नेलेली गाडी पाहून शिरपूरचे मेकॅनिक चाचा म्हणाले, "अहो भाऊ, मोटरसायकलच्या क्लचप्लेटा याच ऑइलात बुडून राह्यतात. तुमी कारचं टाकलं, तं त्या घसरतीनच ना!"

गाडी विकली गेली. बॅटरीवाली आली. नणंद तिच्यावरून भाजीला जाते, खूश आहे. भाऊजींनी नव्या गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि मुलाला विचारलं, "हिच्यात ऑइल कुठून टाकतात रे?"

"इंजिनच नाही तं ऑइल कायले लागीन, बाबा?"

त्यावर भाऊजींनी औषधाचं टोपण धुऊन फडताळात ठेवून दिलं, असं नणंद सांगते. पंचवीस वर्षांत मी हे पहिल्यांदाच ऐकलं.

परवा त्यांचा फोन आला. पाऊस, सोयाबीन, माझे गुडघे, सगळं विचारून झालं. मग म्हणाले, "वहिनी, तुमच्या स्कूटरचं ऑइल कधी बदललं?"

मागच्याच आठवड्यात बदललं होतं.

"ध्यानातच नाही, भाऊजी," मी म्हटलं. "रविवारी येऊन पाहता का?"